आरशाला कुंकू

पोपटराव म्हणजे कवठे येमाईत पंपाच्या मोटारी भरून देणारा माणूस. जळकी मोटार आणा, चालती घेऊन जा. चांगला सरळ गडी; पण डोक्यात काय शिरलं देव जाणे, म्हणाला, "दुर्बीण करणार. विकतची न्हाई, घरची!"

आता अशा दुर्बिणीचा सगळा जीव आरशात. दोन जाड काचा घ्यायच्या, मधे खरखरीत पावडर आणि पाणी, आणि काचेवर काच घासत भोवती फिरायचं. त्यासाठी त्यानं बायकोचा, सुवर्णाचा, पाण्याचा ड्रम पळवून अंगणात मांडला. रोज सकाळी फेऱ्या सुरू. शेजारच्या गीताबाईला वाटलं, नवस बोललाय. तिनं एकदा ड्रमवर झेंडूचं फूल ठेवलं. पोपटरावानं कपाळावर हात मारला.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. "दिसला का चंद्र?" म्हणून गल्ली खिदळायची. अखेर काच हवी तशी खोलगट झाली, पुण्याहून तिच्यावर चकाकता मुलामा चढवून आणला. ह्या मुलाम्याला बोट लावायचं नाही, असा दम त्यानं गल्लीतल्या झाडून सगळ्यांना दिला. घरात सांगायचं तेवढं राहिलं.

दुर्बिणीच्या नळीसाठी पाइप घेऊन परतला तर आरशाच्या मधोमध हळदकुंकू, पुढं फोडलेला नारळ!

"अगं, काय केलंस हे?"

"काय म्हंजी? मोटारसायकल आणली तवा पूजा केली, गिरणी आणली तवा केली. ही तर तुमच्या हातची. हिला तशीच ठेवू व्हय?"

पोपटरावाला रडूच फुटायचं राहिलं. पुसावं तर मुलामा खरवडतो, ठेवावं तर गाव म्हणणार, पोपटरावानं चंद्राला कुंकू लावलं. आणि संध्याकाळचं आवतण तर सगळ्यांना देऊन बसलेला! शेवटी कुंकवासकट आरसा पाइपाच्या बुडाशी बसवला.

दिवेलागणीला गल्ली जमली. त्यानं देवाचं नाव घेऊन डोळा लावला. चंद्र! खड्ड्याखळग्यांसकट लख्ख, कुठं डाग नाही. तेव्हा कुठं त्याची ट्यूब पेटली. पाइपात पुढं बसवलेल्या धाकट्या आरशाची सावली मोठ्या आरशाच्या नेमकी मधोमध, कुंकवावरच पडते. ती जागा तशीही बिनकामाची. रागाच्या भरात हे सुचलंच नव्हतं.

मग सुवर्णानं डोळा लावला. बराच वेळ हलेना. शेवटी हळूच म्हणाली, "आन् माझं कुंकू कुठं हाय?"

एरवी दुर्बिणीचं सांगायला लागला की पोपटराव कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण तिचं तोंड बघून त्यानं ती सावलीची गोष्ट गिळून टाकली.

"त्याच्याच जिवावर दिसतंय की सगळं," तो म्हणाला.

सुवर्णा ताठ झाली, रांगेकडं वळली. "चपला काढून या रे समदे!"

सगळ्यांत आधी पोपटरावानं काढल्या.