मांडीवरचं सूप
ओल्या गोणपाटात बांधलेल्या तेंदूपानांचा वास आला की मला गोंदियाजवळचा तो विडी कारखाना आठवतो, आणि माझी धाकटी जाऊ. राज्य इंग्रजांचं होतं. पोटुशी बाई दिसली की मुनीम तिला कामावरून काढायचा, म्हणून हिला दिवस गेल्यावर मीच शिकवलं, "विड्या वळताना मांडीवरचं सूप पोटाशी उंच धर, कोणाले सांगू नको." सातव्या महिन्यापर्यंत कुणाला कळलं नाही. मग एका दुपारी विड्या वळता वळताच तिला कळा आल्या. मूल तिथेच, पानांच्या कातरणात झालं, रडलंच नाही. मी त्याला पानांवरच्या ओल्या गोणपाटात गुंडाळलं. मुनीम धावत आला आणि त्यानं गोणपाट उघडून पाहिलं. "काऊन लपवलं बाई? आता नवा कायदा आला ना. आधी सांगतलं असतं, तर बाळंतपणाची सुट्टी भेटली असती." आम्हाला तो कायदा कुणी सांगितलाच नव्हता. जावेनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. दहाव्या दिवशी ती कामावर आली आणि सवयीनं सूप तसंच उंच धरून बसली. आता खाली घे बाई, एवढंच मला म्हणायचं होतं. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, ते अजून माझ्या घशातच आहे.