पांढरीच्या नावाच्या पावत्या

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काही जण टाकून दिलेले घोडे सांभाळतो. वरातीचे, टांग्याचे, पाय अधू झालेले. मी बँकेतून निवृत्त, म्हणून खजिनदार. गवताचं बिल थांबत नाही आणि देणग्या वेळेवर येत नाहीत. म्हणून ‘घोडा दत्तक घ्या’ ही योजना मीच काढली. देणगीदाराने एका घोड्याचा महिन्याचा खर्च द्यायचा, आम्ही त्याच घोड्याच्या नावाने पावती आणि फोटो पाठवायचा.

जवळच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने पांढरी नावाची घोडी दत्तक घेतली. त्यांच्या मुलाची वरात तिच्यावरून निघाली होती.

पांढरी पोटशूळाने गेली. त्या महिन्याच्या पैशांतून बाकीच्या पाच घोड्यांचं गवत आलं होतं. पुढच्या महिन्यात बाईंना सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे आले आणि मी पांढरीच्याच नावाने पावती फाडली. सोबत जुना फोटो. असं वर्षभर चाललं.

मग एका रविवारी बाई गूळ घेऊन शेडवर आल्या. आमच्याकडे दुसरी एक पांढरी घोडी होती, जरा बुटकी. मी त्यांना तिच्यापुढे उभं केलं.

“भाऊ, ही आटली की हो.”

“वय झालं, बाई.”

“माझंही झालंच की. पण मला ओळखलं बघा.”

घोडी गूळ खात होती. गूळ कुठलीही घोडी खाते.

त्यानंतर बाईंनी रक्कम वाढवली.

यंदा मी पद सोडायचं ठरवलं. त्याआधी सगळं कबूल करावं म्हणून त्यांच्या घरी गेलो. दार मुलाने उघडलं. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मग त्यालाच जिन्यात सगळं सांगितलं. त्याने मागे दार ओढून घेतलं.

“काका, आईला आता नका सांगू. रोज विचारते, पांढरीनं खाल्लं का म्हणून.” मग म्हणाला, “पैसे बंद करू?”

मला हो म्हणायचं होतं. पण शेडमध्ये दोनच दिवसांचं गवत उरलं होतं.

“राहू दे चालू,” मी म्हणालो.

“मग पावती तिच्याच नावाने पाठवा. आई उशाशी ठेवते.”

त्या महिन्याची पावतीही मीच लिहिली.