मंदामावशींचे स्टिकर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — माझं मन हलकं का म्हणून व्हावं?

बारामतीत मी वेबसाइट बनवून देतो. इंदापूरकडच्या एका डाळिंब उत्पादक गटाचं काम माझ्याकडे आहे. त्यांच्या पेटीवर स्टिकर असतो. मोबाइलनं स्कॅन केला की माल कुणाच्या बागेतला, कधी तोडला, ते सांगणारं पान उघडतं. स्टिकरवरचा छोटा पत्ता सर्व्हरच्या आत खऱ्या पानाकडे वळवावा लागतो. त्याचे नियम मी एका फाइलीत लिहिले होते. दोन वर्षांपूर्वी मी साइट नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवली, पहिलं पान उघडलं आणि खूश झालो. आतलं पान तपासलं नाही — एकही नाही.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याकडून माल परत आला. कुठलीही पेटी स्कॅन केली की ‘पान सापडले नाही’. गटाचे अध्यक्ष तात्या पॅकहाऊसमध्ये, पेट्या भरायच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर मला जाब विचारू लागले, आणि मी — काहीएक तपासलेलं नसताना — ठोकून दिलं, की रद्द केलेल्या जुन्या रोलचे स्टिकर पेट्यांना लागलेत. स्टिकर लावायच्या मंदामावशी. आठवी शिकलेल्या.

“पयलं पान उघडतंय की दादा,” त्या म्हणाल्या. “आतलंच उघडत न्हाय. मग स्टिकर कसा चुकंल?”

इतकं नेमकं तर मलाही दिसलं नव्हतं. पण सगळे त्यांनाच हसले. संताप होतो माझा — कॉम्प्युटरवाला म्हणाला म्हणून खरं? मला उलटून एक प्रश्न कुणी विचारू नये? आणि मला तरी तेच हवं होतं, नाही का? तात्यांनी मावशींना त्याच दिवशी स्टिकरच्या टेबलावरून उठवलं आणि झाडलोटीला लावलं.

ऑफिसात येऊन सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. नवा सर्व्हर माझी नियमांची फाइल वाचतच नव्हता. तशी परवानगी द्यायला मीच विसरलो होतो. सेटिंगमधला एक शब्द बदलला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. सगळी पानं उघडली. लगेच तात्यांना फोन केला, आणि ‘झालं काम’ एवढंच सांगितलं. लाज कशी वाटली नाही मला?

तिथंच थांबलो असतो तरी — पण नाही. आठवड्यानं गेलो तर मावशींनी परत आलेल्या पेटीवरचा एक स्टिकर जपून ठेवलेला. माझ्यासमोर त्यांनी तो स्कॅन केला. पान उघडलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

“ते जुने स्टिकरपण मी चालू करून दिलेत, मावशी,” मी म्हणालो. वर उपकार केल्यासारखा.

“बरं,” म्हणाल्या आणि त्यांनी केरसुणी उचलली. अजून त्याच कामावर आहेत. मी महिन्याला तिथं जातो, त्या वाटेतून बाजूला होतात.

स्टिकर बरोबर होते. चूक माझी होती, आणि ती मावशींना माझ्या आधी कळली होती.