पिवळ्या रेघेच्या अलीकडे

इंग्लंडमध्ये, रीडिंग गावात, माझ्या मुलीच्या शाळेत मैदान एकच होतं आणि त्यावर दोन खेळांचा संसार चालायचा. मुलांचं रग्बी पिवळ्या रेघांवर, मुलींचा फुटबॉल पांढऱ्या रेघांवर. रग्बीला शाळेत मान मोठा, त्यामुळे पिवळा रंग सतत ताजा असायचा. पांढरा सप्टेंबरात एकदा मारला की पुढे रामभरोसे. नोव्हेंबरपर्यंत चेंजिंग रूमकडच्या गोलसमोर रग्बीवाल्यांनी इतका चिखल केला होता, की गोलपुढच्या चौकोनाची, म्हणजे बॉक्सची, पुढची पांढरी रेघ त्यात जवळजवळ गडप झाली होती. तिच्या थोडी पुढे रग्बीची पिवळी रेघ मात्र ठसठशीत दिसायची.

गोलकीपरला बॉल हातात धरता येतो तो फक्त बॉक्समध्ये. बाहेर धरला तर फाउल, आणि त्यामुळे समोरच्यांचा होऊ घातलेला गोल अडला तर लाल कार्ड. हे मला तोंडपाठ होतं, कारण मी रेफरीचा कोर्स केला होता. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी लहान मुलांच्या मॅचमध्ये शिट्टी फुंकायची, असा माझा क्रम. नवरा म्हणायचा, "चुका काढायचा पगार मिळतो तुला, तरी हौस फिटत नाही."

हे वेड माहेरचं. वडील सांगलीला शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि मी त्यांच्याच खो-खोच्या संघात. मैदानावर त्यांना 'सर' म्हणायचं, 'आबा' नाही. सरांच्या मुलीचे लाड होतात असं कुणी म्हणू नये, म्हणून ते माझ्याशी दुप्पट कडक वागायचे. शंका आली की मी बाद. एकदा निवडीच्या सामन्यात माझा एक पाय फक्कीच्या रेघेच्या आत होता, मला पक्कं माहीत होतं. त्यांनी दोन्ही बाहेर धरले. मी "हो सर" म्हणून जाऊन बसले. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रडली नाहीस ना?" बाकीच्या मुलींना ते मोकळेपणानं शाबासकी द्यायचे. मला कधीच दिली नाही, आणि मी ती मिळवायला काय काय केलं ते आठवलं की आज माझं मलाच हसू येतं.

तर त्या बुधवारी शाळेतून फोन आला. खेळाच्या शिक्षिकेचा घोटा मुरगळला होता, तुम्ही रेफरी व्हाल का, पाहुण्या शाळेची हरकत नाही. मी ऑफिसातून लवकर निघाले. माझी मुलगी दोन वर्षं राखीव कीपर म्हणून बाकावर बसून होती. आता मुख्य कीपरचं बोट मोडलं होतं, आणि शिक्षिकेनं लेकीला सांगितलं होतं, आज नीट खेळलीस तर उरलेल्या सीझनची जागा तुझी. आदल्या रात्री ती ग्लोव्हज उशाशी घेऊन झोपली होती.

कार पार्कमध्ये मी तिला म्हटलं, "हे बघ, ग्राउंडवर मी तुझी आई नाही. रेफ म्हणायचं."

तिनं डोळे फिरवले. "ओके, रेफ."

मॅचच्या आधी मी मैदान पायाखालून घातलं. चिखलात वाकून पांढऱ्या रेघेचे तुकडे शोधले. पहिल्या हाफला त्या बाजूला पाहुणी कीपर होती, मोठ्या चणीची, लाजरी पोरगी. मी तिला नेऊन रेघ दाखवली. "ही पुसट पांढरी आपली. ती पिवळी रग्बीची, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस." ती दोनदा थँक्यू म्हणाली.

पहिल्या हाफमध्ये माझ्या मुलीनं दोन सुरेख बॉल अडवले. मी चेहरा कोरा ठेवला. हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या आणि ती चिखलाच्या गोलमध्ये जाऊन उभी राहिली. मी तिच्याकडे जायला निघाले. अर्ध्या वाटेत मला कडेचे पालक दिसले. छत्र्यांखालून सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. बघा, लेकीला जाऊन कोचिंग करतेय. मी तिथेच थांबले, वाकले आणि न सुटलेली बुटाची लेस बांधली. तिची स्वतःची शाळा आहे, तिला ठाऊकच असेल, असं मनाला समजावलं. वास्तविक कीपरचा सराव मागच्या कृत्रिम गवतावर व्हायचा, हे रोज तिला घ्यायला जाणाऱ्या मला चांगलं माहीत होतं.

मॅच बरोबरीत होती, उजेड कमी होत चालला होता. पाहुण्यांची एक मुलगी बॉल घेऊन एकटी सुटली. माझी पोर निर्भयपणे पुढे धावली, झेपावली आणि बॉल तिनं छातीशी घट्ट धरला. पिवळ्या रेघेच्या अलीकडे, पांढऱ्या रेघेच्या पलीकडे. कडेला टाळ्या वाजल्या. ती चिखलात पडल्या पडल्या हसत होती.

मी शिट्टी वाजवली आणि लाल कार्ड काढलं.

तिला आधी कळलंच नाही. तिनं रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुण्या शाळेचे शिक्षकसुद्धा म्हणाले, "रेफ, फ्री किक पुरेशी आहे, रेघ कुणाला दिसतेय?" मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी ऐकलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

"ओके, रेफ," ती म्हणाली आणि बाहेर गेली. त्यांनी मॅच जिंकली.

गाडीत ती ग्लोव्हजवरचा चिखल नखानं खरवडत होती. मग म्हणाली, "त्यांची कीपर मला म्हणाली, युअर मम इज सो नाइस. तू तिला ती लाइन दाखवला."

"हो."

"मग मला का नाही दाखवला?"

लोक काय म्हणतील म्हणून, हे खरं उत्तर होतं. ते तोंडातून निघेना. "रूल इज रूल, बाळा," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला माझी लाज वाटली.

लाल कार्डामुळे पुढच्या मॅचला तिला बंदी होती. त्या मॅचला एक नवी मुलगी गोलमध्ये उभी करायचं ठरलं. शुक्रवारी ते लेकीला सांगण्यात आलं, आणि तिनं ग्लोव्हज धुऊन कपाटात वर ठेवले.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे सांगलीला फोन लावला. नवऱ्यानं आधीच आबांना सगळं सांगून ठेवलं होतं, म्हणजे त्याला ठाऊक होतं तेवढं. आबा म्हणाले, "शाबास. पोटच्या पोरीला बाहेर काढलंस. शाबास."

मी चाळीस वर्षांची होते. माझे डोळे भरून आले. लेक समोर टोस्ट खात बसली होती.

"तिला दे जरा," आबा म्हणाले.

तिनं फोन घेतला. "हो आबा... नाही, रडले नाही... नाही आबा, आईचं काही नाही. माझीच मिस्टेक होती. मीच लाइन बघितला नाही."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला आणि ताटली उचलून आत गेली. आबा अजून लाइनवर होते. रेघ मी दुसरीला दाखवली आणि हिला दाखवली नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मी विचारलं, "थंडी पडली का हो तिकडे?"