रवळनाथाला न सांगितलेला पत्ता

माझी गोष्ट सुरू झाली की आमच्या अंधेरीच्या चाळीतले लोक आधी निम्मी वजा करतात आणि मग ऐकायला बसतात. त्यांचं चुकतं असं नाही. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर डास एवढे मोठे, की विमान समजून मी एकदा त्यात पेट्रोल भरायला निघालो होतो, असं मीच त्यांना सांगितलेलं आहे. पण आज जे लिहितो आहे त्यातून काही वजा करू नका. ही एकच गोष्ट अशी आहे की तिला मीठमसाला लावायला माझा हात धजत नाही. उलट ती सांगताना मलाच थोडी कमी करून सांगावीशी वाटते, कारण देव आपल्या हद्दीबाहेर येतो का, ही शंका तेव्हा माझ्याच मनात होती.

स्वातंत्र्यानंतरची पाचसहा वर्षं उलटली होती. मी सांताक्रूझच्या विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचो. इंडोनेशियातल्या एका लहानशा विमान कंपनीला डाकोटा विमानांची नस ओळखणारा मिस्त्री हवा होता, म्हणून मी गेलो. मला वाटलं, परदेश म्हणजे सांताक्रूझहून झकास विमानतळ असणार. तिथे पाहतो तर काय, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक पडवी, तिच्यासमोर लढाईच्या काळात घाईघाईत केलेली गवताळ धावपट्टी, आणि धावपट्टीवर म्हशी. विमान यायच्या आधी म्हशी हाकायच्या, आणि पायलटनं वरून एक फेरी मारायची, कारण एखादी राहिलेलीच असायची. खोबरं तोलायच्या काट्यावर उतारूंना उभं करून वजन घ्यायचे. एकदा एक बाई मांडीवर जिवंत डुक्कर घेऊन बसली होती आणि हवेत ते डुक्कर माझ्याकडे असं रोखून बघत होतं की मीच खिडकीतून बाहेर बघू लागलो. अशी किती बेटं पालथी घातली! प्रत्येक बेटावर नारळाची झाडं, लाल माती, समोर निळा समुद्र. थेट आमचं कोकण. म्हणूनच जास्त त्रास व्हायचा. सगळं घरासारखं, फक्त घर नाही.

आमचं मूळ गाव मालवणच्या बाजूचं. बाबा गिरणीत होते, मग अंधेरीला आले, पण देव गावचाच राहिला, रवळनाथ. कोकणात देवाला हद्द असते. आमच्या रवळनाथाची हद्द गावाच्या ओढ्यापाशी संपते, पलीकडे दुसऱ्या देवाचा कारभार. त्यामुळे मुंबईत नारळ ठेवून गाऱ्हाणं घालताना बाबा देवाला न चुकता पत्ता सांगायचे. “अंधेरी, स्टेशनाच्या उगवतीक, चिंचेच्या झाडाकडची चाळ, माडयेवरची मागली खोली, हय येवन उभो रव रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे एका सुरात, “व्हय म्हाराजा!” गाऱ्हाणं एकट्यानं घालता येत नाही. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, तेव्हा कुठे ते पूर्ण होतं. बाबांचा आवाज असा, की ते मागायला लागले की खालच्या मजल्यावरचे गुजराथी शेजारीसुद्धा हातातलं काम थांबवून “व्हय म्हाराजा” म्हणत. यात मी काही वाढवलेलं नाही.

तर एका अगदी टोकाच्या बेटावर मी इंजिन खोलून बसलो होतो, तेव्हा तिथल्या बिनतारी यंत्रावर निरोप आला. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती. ताबडतोब निघ.

आठवड्याचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं. मी पेटी बांधून पहाटेपासून पडवीत. विमान आलं, डोक्यावर दोन घिरट्या घालून निघून गेलं! वारा कुठून येतो ते पायलटला दाखवायला खांबावर एक लांब कापडी पिशवी असते, ती खांबावर नव्हती. तिच्या कापडाची विजार शिवून एक इसम लग्नाला गेला होता असं मी चाळीत सांगतो. खरं तर ती वादळात फाटली असावी. धावपट्टी आखूड, वारा कळेना, ढगही खाली आलेले. तो बिचारा तरी काय करणार? आता पुढचं विमान पुढच्या आठवड्याला. त्याच्या आवाजाच्या दिशेनं मी कितीतरी वेळ बघत उभा होतो. इतकी वर्षं ज्यांचा आवाज ऐकला, ते बाबा आता बोलणार नव्हते, आणि निदान त्यांचा चेहरा दिसावा एवढंही माझ्या हातात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही मी त्याच पडवीत जाऊन बसलो. येणार काहीच नव्हतं, पण दुसरीकडे जाणार कुठे? तिथे केळी विकणारी एक म्हातारी असायची. सगळे तिला इबु म्हणत, म्हणजे आई. तिथली भाषा मला मोडकीतोडकी यायची.

“नाही आलं तुझं विमान?” तिनं विचारलं.

“नाही.”

“विमानं नीट करतोस म्हणे. मग बोलावता येत नाही होय?”

“नाही येत, इबु.”

“मग केळं खा.” सगळ्या दुःखांवर तिच्याकडे हे एकच औषध होतं.

केळं मी बाजूला ठेवलं. समोर पडलेला एक नारळ मी उचलला, सोलला, त्याची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, बाजूला टाकली आणि लाल मातीत पूर्वेकडे शेंडी करून ठेवला. हात जोडले. “बा देवा रवळनाथा, ह्यो नारळ ठेवलंय, तो मानून घे रे म्हाराजा...” आणि सवयीनं थांबलो. समुद्राचा आवाज तेवढा आला. होकार द्यायला कोण होतं तिथे? मग पत्ता सांगायला गेलो आणि जीभच अडली. या जागेचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं. ओढ्यापलीकडे न जाणाऱ्या देवाला हे सात समुद्र कसे सांगू? डोळे भरून आले आणि तोंडातून आलं ते असं, “पत्तो माका ठाऊक नाय. मी जंय आसय थंय तू ये. माझो बापूस थंय पडान आसा, माका तेच्यापर्यंत पोचव. वाटेत जा काय आडवा इला आसात ता बाजूक कर रे म्हाराजा!”

आणि पाठीमागून आलं, “हंऽऽ!”

वळून पाहिलं तर इबु टोपली खाली ठेवून उभी. तिला माझं एक अक्षर कळलेलं नव्हतं. पण माणूस मागता मागता थांबतो आहे, म्हणजे त्याला होकार हवा आहे, एवढं तिला कळलं होतं. मी पुढचं वाक्य बोललो. “हंऽऽ!” तिच्यासोबत आता म्हशी हाकणारा गडीही होता. माझं गाऱ्हाणं त्या दोघांनी पूर्ण केलं. मग इबुनं माझ्या नारळाची सोडणं गोळा केली, पडवीमागची आणखी आणली, टोपलीतून राळेचे खडे काढले आणि धावपट्टीच्या कडेला पेटवून दिलं. तिच्या घरी म्हणे धुराशिवाय कुठलंही मागणं वर जात नाही. धूर पांढरा, दाट, माडांच्या वर गेला आणि समुद्राकडे कलला.

सोडणं अजून जळत होती तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. ज्या दिवशी विमान नव्हतंच, त्या दिवशी विमान! ढगाच्या भोकातून खाली आलं, म्हशी पळाल्या, आणि ते उतरलं. आतून आमच्याच कंपनीचा सरदारजी पायलट उतरला.

“ओए मिस्त्री, मेरा तो यहाँ उतरने का कोई काम ही नहीं था! आगे सब बंद है, वापस जा रहा था. धुआँ दिखा, हवा का पता चला, तो उतर गया. किसने जलाया?”

“इस माई ने.”

“क्यों?”

“मेरे बाप के लिए.”

त्यानं विमानाच्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाला, “चल, बैठ.” इबुनं विमानाच्या दारापर्यंत येऊन केळ्यांचा अख्खा घड माझ्या हातांत दिला. तिला नमस्कार करायलाही हात मोकळे राहिले नाहीत.

बेटामागून बेट, मग सिंगापूर, कलकत्ता, असं करत मी अंधेरीच्या जिन्यावर पाय ठेवला. बाबा खाटेवर होते. तोंड वाकडं झालेलं, डोळे माझ्यावर. काही बोलायला बघत होते, पण नुसतीच घरघर. आईनं माझ्या हातात नारळ दिला. “आता तूच सांग रे बाबा. ह्या घरात सांगणारा कोण नाय उरला.”

मी गाऱ्हाणं घातलं. आवाज बाबांसारखा निघाला नाही. खालचे शेजारी वर येऊन उभे होते, ते होकार भरत होते. संपल्यावर आई कुजबुजली, “पत्तो सांगूक इसारलस!”

“नाय गे आये. तेका ठाऊक आसा,” मी म्हणालो.

आणि खाटेवरून, तुटक, ओढत ओढत, पण सगळ्या खोलीला ऐकू येईल असं आलं, “व्हय... म्हाराजा.”

बाबा त्यानंतर पुष्कळ दिवस होते. बोलणं फारसं सुधारलं नाही, पण एवढे दोन शब्द मात्र अखेरपर्यंत राहिले. धुरामुळे विमान उतरलं, यात देव कुठे आला, असं कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. डाकोटाबद्दल विचाराल तर दिवसभर वाद घालीन. मला एवढंच कळलं की मी देवाला जन्मभर वाट दाखवत होतो, आणि ज्या दिवशी वाट दाखवायची राहिली त्या दिवशी तो आला, केळ्यांची टोपली घेऊन.

आता नारळ मीच ठेवतो. पत्ता सांगत नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, घरचे “व्हय म्हाराजा” म्हणतात, आणि तरीही मी क्षणभर जास्तच थांबतो. खाटेवरचा तो तुटका आवाज आणि समुद्रापलीकडचं ते “हंऽऽ” येतंय का, ते ऐकायला. येत नाही. पण ज्यानं ते दोन्ही आवाज मला एकदा ऐकवले, त्याच्यासमोर मग डोकं आपसूक जमिनीला टेकतं.