तांतीन रोह्याला जेवायला आल्या

माझ्या हातची दालपुरी आईनं पहिल्यांदा खाल्ली तेव्हा एक घास चावून ती थांबली आणि म्हणाली, "आरं, यात गूल टाकायला इसरलास काय?"

चूक तिची नव्हती. दिसायला पुरणपोळीच. चण्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद आणि भाजलेलं जिरं घालून कणकेच्या उंड्यात भरायची आणि पातळ लाटायची. गोडाचा पत्ता नाही. वर वालांसारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालायची, गुंडाळायची आणि उभ्याउभ्या खायची. मॉरिशसमध्ये रस्त्यावर जागोजागी मिळते.

मी तिथं काही वर्षं एका कापडाच्या गिरणीत मशिनं दुरुस्त करायच्या कामावर होतो. परत आल्यावर रोह्याजवळच्या कंपनीत लागलो आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घ्यायला लागलो. बायको कोलाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिची एकच अट होती, "ओटा तुम्हीच पुसायचा."

माझं बालपण पेणजवळच्या खाडीकाठी गेलं. आईवडील मिठागरावर कामाला जायचे. उन्हाळ्यात आई दुपारची भाकरी फडक्यात बांधून न्यायची. तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा. मिठाच्या राशींवरून ऊन असं डोळ्यांत घुसायचं की आम्ही पोरं मान खाली घालूनच जेवायचो. पण माझ्या जिभेवर खरी बसली ती कडव्या वालांची चव. आई वाल भिजवायची, मोड आणायची, कोमट पाण्यात टाकायची आणि आम्हाला सोलायला बसवायची. साल चिमटीत दाबलं की दाणा टणकन उडायचा. अर्धे दाणे परातीत, अर्धे भावाच्या अंगावर. त्या सोललेल्या वालांचं बिरडं, वर ओलं खोबरं, खाली भात. लहानपणी यापेक्षा वेगळी चैन मला ठाऊक नव्हती.

मॉरिशसला गेल्यावर सुरुवातीला गिरणीच्या वसतिगृहात जेवायचो. पोट भरायचं, एवढंच. मग एका सोबत्यानं गावातल्या एका बाईंच्या घराची वरची खोली मिळवून दिली. त्या विधवा होत्या. सगळी गल्ली त्यांना तांतीन म्हणायची. तिथल्या बोलीत तांतीन म्हणजे मावशी किंवा काकू. मीही तेच म्हणू लागलो.

तांतीनचे पूर्वज कोकणातून गेलेले. कुठल्या गावाहून ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. मराठी म्हणून त्यांच्याकडे आई, देव, पाणी असे मोजके शब्द उरले होते, आणि गणपतीच्या आरत्या. आरत्या मात्र घडाघडा पाठ, अर्थ नाही कळला तरी. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. त्यांचं हिंदी सिनेमातलं, माझं कंपनीतलं.

त्यांच्या गल्लीत शेजारी तमिळ घर होतं, कोपऱ्यावर चिनी माणसाचं दुकान, मागं एक काळासावळा कोळी राहायचा, त्याचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. तांतीनच्या स्वयंपाकघरात ही सगळी घरं हजर असायची. तमिळ शेजारणीकडून शिकलेलं मोहरी लावलेलं भाज्यांचं लोणचं, चिनी दुकानातल्या शेवया परतून, आणि कोळ्याकडच्या माशाचा टोमॅटोतला रस्सा. त्याला ते 'रुगाय' म्हणतात. कोणती गोष्ट कोणाची, हे तिथं कोणी विचारत नसे.

पहिल्या रविवारी तांतीननं दालपुरी केली. सोबत मोठ्या चपट्या पांढऱ्या दाण्यांची आमटी होती. मी एक घास तोंडात घातला आणि तसाच बसून राहिलो.

"तिखट झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही. हे आमचे वाल आहेत."

खरं तर ते आमचे वाल नव्हते. आकारानं दुप्पट आणि चवीला गोडसर. पण नात्यातले होते. घरापासून इतक्या लांब आल्यावर माणूस दूरच्या नातेवाइकालाही मिठी मारतो. त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्या हाताखाली राबलो. डाळ वाटली, पुऱ्या लाटल्या, फाडल्या, पुन्हा लाटल्या.

इथं परत आल्यावर अडचणी सुरू झाल्या. रुगायमध्ये घालायचा एक सुगंधी पाला रोह्याच्या बाजारात मिळेना. बायकोनं कुंडीतली ओव्याची पानं खुडून दिली, "हे घालून बघा." जमलं. मग माझ्या डोक्यात आलं की पुरीच्या पोटातच वाल भरावेत. ती दालपुरी अशी कडू झाली की आमच्या मुलीनं हळूच ताट सरकवलं. बायकोनं अख्खी पुरी खाल्ली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोटात चण्याची डाळच राहू दे. वाल बाहेर ठेवा." म्हणजे आमटीच्या जागी वालाचं बिरडं. ती जोडी जमली आणि आमच्या घरात कायमची राहिली.

फक्त आईला ती रुचेना. वडील गेल्यावर ती आमच्याकडे रोह्याला आली. खाडी सुटली, तसं तिचं स्वयंपाकघरही सुटलं. सुनेनं वाढलेलं मुकाट्यानं खायची, तेही थोडंच. मी दालपुरी केली की म्हणायची, "त्या बाईचं जेवान केलंस वाटतं." कधीकधी त्यात नुसतं कुतूहल असायचं, कधी आणखी काही. आपल्या पोराला इतकी वर्षं दुसऱ्याच बाईनं जेवू घातलं, हे तिला सलत असावं. मी कधी विचारलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तांतीनचा फोन आला. त्यांच्या गावातली मंडळी देवदर्शनाला महाराष्ट्रात येणार होती. पेणला गणपतीचे कारखाने बघायचा बेत होता. "एक दिवस तुझ्याकडे येते," त्या म्हणाल्या.

मी घरात सांगितलं. बायको लगेच पडदे धुवायच्या मागं लागली. आईनं आधी दिवस विचारून घेतला. मग म्हणाली, "येऊ दे. पन त्या दिवशी तू चुलीकडं जायाचं नाय. मी रांधीन."

तिनं दोन दिवस आधी वाल भिजत घातले. खूप दिवसांनी तिला डब्यांची झाकणं उघडून आत डोकावताना पाहिलं. "हलद कुटं ठेवलीस गो?" ती सुनेला विचारत होती, आणि बायको धावत जाऊन डबा काढून देत होती.

मी पेणला जाऊन तांतीनना घेऊन आलो. गाडीत त्यांनी मांडीवर एक लहानसा, रंग न दिलेला गणपती धरला होता. निडी स्टेशन गेल्यावर त्या खिडकीतून कापलेल्या भातखाचरांमधली हिरवी रोपं बघत राहिल्या. "ते काय आहे?"

"वाल."

"अच्छा! हेच ते."

दारात तांतीन आईच्या पायाशी वाकल्या. आईनं त्यांचे हात मधेच धरले. "नको गो बाय. तू काय ल्हान हायस?" तांतीनना शब्द कळले नाहीत, पण त्या सरळ उभ्या राहिल्या आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आईचे थोडे वाल सोलायचे राहिले होते. तांतीननं परात बघितली आणि कोणाला न विचारता पाट ओढून बसल्या. पहिलाच दाणा उडून आईच्या पदरात पडला. आई हसली. मी आईला असं खळखळून हसताना वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. "आमच्या पोरांचा आसाच उडायचा," ती म्हणाली. मी हिंदीत सांगायला लागलो, तर तांतीननं हातानं मला गप्प केलं.

जेवायला भाकरी, बिरडं, कोळंबीचं कालवण आणि पेणचे पोह्याचे पापड. तांतीननं बिरडं चाखलं. मला वाटलं, आता म्हणतील की आजीच्या हातचं आठवलं वगैरे. त्या म्हणाल्या, "असं मी कधी खाल्लं नाही. आमचे दाणे गोड. हे कडू आहेत." मग आणखी एक घास घेतला. "कडू चांगलं आहे."

मी आईला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. त्या बाईकडे नसलेलं काहीतरी आपल्याकडे आहे, याचा आनंद तिला लपवता आला नाही. लगेच तिनं आणखी बिरडं वाढलं.

दुपारी आई म्हणाली, "हिला म्हनावं, आता तुजं कर बगू." तांतीननं पदर खोचला. आई शेजारी स्टूल घेऊन बसली. डाळीचं पाणी तांतीननं फेकून न देता कणकेत घातलं, तेव्हा आईनं पसंतीची मान हलवली. तव्यावरची पहिली पुरी तिनं हातात घेतली, वर सकाळचं बिरडं घातलं, खाल्ली, दुसरी मागितली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजी कडक व्हते रं. हिची मऊ हाय."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

चहा झाल्यावर आईनं एकदम विचारलं, "हिला इचार, तिकडं माजं पोर कदी रडलं व्हतं काय?"

मी कप गोळा करायला लागलो. आई म्हणाली, "इचार ना."

मी मान खाली घालून विचारलं. तांतीननं माझ्याकडे बघितलं आणि मग आईकडे बघत उत्तर दिलं. पहिल्या गणपतीला, आरती चालू असताना. शब्द ओळखीचे होते, माणसं नव्हती. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. मला वाटायचं, माझं रडणं कोणाला कळलंच नाही.

"मंग हिनं काय केलं?"

"तांदळाची पेज केली," मी आईला सांगितलं. "आणि मी संपवेपर्यंत बाजूला बसून राहिल्या."

आईनं तांतीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. निघताना तिनं पापडांची गठडी बांधून दिली. वालही द्यायचे होते, पण बियाणं विमानतळावर काढून घेतात म्हणून तांतीननं नको म्हटलं. आईला ते अजिबात पटलं नाही. "वालानं कोनाचं काय वाकडं व्हतं?" असं ती नंतर कित्येक दिवस म्हणत होती.

आता आई रोज थोडा वेळ तरी ओट्यापाशी असते. रविवारी पुऱ्या मी लाटतो, डाळ बायको वाटते आणि पुरी मऊ झाली की नाही ते आई ठरवते. कधी तांतीनचा व्हिडिओ फोन येतो. आई आपल्या बोलीत बोलते, त्या त्यांच्या बोलीत. पूर्वी मी मधे पडून अर्थ सांगायचो. आता फोन लावून देतो आणि भाजी आणायला बाजारात जातो. परत येतो तेव्हाही दोघींचं चालूच असतं.