महादेवासाठी भरलेलं नाल्याचं पाणी

बायांनो, नात घरी आली हाय, मला लय आनंद झालाय. ती समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करती. पण आज माझं डोकं फिरलं.

सोमवार म्हणून महादेवाला घालायला गोदावरीतून तांब्या भरून आणला. नातीनं त्यात पाणी तपासायची पट्टी बुडवली, तर रंगच बदलला.

"आजी, यात गटार हाय. समुद्रात बी हेच जातं. मग तिथं शेवाळ माजतं, सडतं, पाण्यातली हवा संपती अन् मासे गुदमरतात."

तसाच तांब्या नेऊन, गावाचा नाला नदीत सोडलाय त्याचं काम बघणाऱ्या साहेबाच्या टेबलावर ठेवला.

साहेब म्हणले, "मावशी, नदी सगळं वाहून नेती की."

म्हणलं, "मग घ्या एक घोट तीर्थ."

हात बी लावला न्हाई. महादेवाला आज हापशाचं पाणी घातलं. माशांनी कुठं जायचं, सांगा?